जुनेराची वंशावळ

हल्ली गोधडी दुकानात मिळते. पुठ्ठ्याच्या खोक्यात नीट घडी घातलेली, वर फीत बांधलेली, आणि सोबतच्या चिठ्ठीवर ‘आजीच्या मायेची ऊब’ अशा धर्तीचं काहीतरी छापलेलं. उघडून पाहिलं तर आतलं सगळं कापड नवं. वर ठशांच्या छपाईचं सुती, खाली मलमल, मध्ये पॉलिस्टरचा कापूस आणि यंत्रानं मारलेली सरळ टीप. वस्तू वाईट नाही. बारशाला न्यायला छान आहे आणि शिवणाऱ्या बाईला त्यातून चार पैसे मिळत असतील तर चांगलंच आहे. पण तिला गोधडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. गोधडीत नवा असायचा तो फक्त दोरा, आणि पुष्कळ घरांत तोही नसायचा. फाटक्या लुगड्याच्या काठातून सोडवून घेतलेला असायचा.

अंगावरून उतरलेलं, विरलेलं, पण अजून थोडा जीव असलेलं कापड म्हणजे जुनेर. गोधडीचा मागोवा घ्यायचा तर सुईच्या किंवा टाक्याच्या मागे जाऊन फारसं हाती लागत नाही. टाका एकच आहे, जगातला बहुधा सगळ्यात जुना आणि सगळ्यात सोपा: सुई खाली, सुई वर, धावदोरा. त्यात काही बदललं नाही. बदलत गेलं ते जुनेर कोणाच्या हाती जातं, ते. माझ्या मते गोधडीचा सगळा इतिहास जुनेरावर कोणाचा हक्क होता याचा इतिहास आहे, आणि मायेचा भाग त्यात बराच उशिरा येतो.

आधी वस्तू नीट पाहू. पाठीला आणि पोटाला, म्हणजे वर आणि खाली, त्यातल्या त्यात धड अशी दोन लुगडी. मध्ये धोतरं, पटके, सदऱ्यांच्या पाठी, परकराचे घेर, जे असेल ते. सदऱ्याच्या बाह्या आणि कॉलर काढून टाकायची, शिवणी उसवायच्या, म्हणजे गाठी राहत नाहीत. हे सगळं धुऊन, खळखळून वाळवून, सारवलेल्या अंगणात नाहीतर ओसरीवर पसरायचं, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आधी मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायचं आणि मग कडेपासून आत आत येत धावदोऱ्याच्या ओळी घालत जायचं. काही भागांत ओळी सरळ समांतर, काही भागांत चौकोनात चौकोन. दोन ओळींमधलं अंतर बोटभर किंवा त्याहून कमी. हे अंतर शोभेसाठी नसतं. विरलेल्या कापडाला स्वतःची ताकद उरलेली नसते. जवळजवळ घातलेले टाके ओढाताणीचा भार पाच-सात थरांवर वाटून देतात, त्यामुळे एकेकटं हातात घेतलं तर टरकन फाटेल असं कापड एकत्र आणखी दहा वर्षं टिकतं. ऊब येते ती थरांमध्ये अडकलेल्या हवेची. फाटेल तिथे वरून ठिगळ, ठिगळावर पुन्हा टाके. म्हणून जुन्या गोधडीचं वजन वयाबरोबर वाढत जातं. भिजली की ती एकट्या माणसाला उचलत नाही. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर नेऊन, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची रीत त्यामुळेच पडली असणार. त्या दिवसांत गावोगावचे काठ रंगीत दिसतात.

कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे हीच वाकळ, खाली उत्तर कर्नाटकात कौदी, बिहारात सुजनी, सिंधमध्ये रल्ली, बंगालात कांथा. टाका सगळीकडे तोच.

आपल्या भागात धागा किती जुना, याचा एक फार सुंदर पुरावा नेवाशाला सापडला. प्रवरेकाठच्या त्या उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली आणि मण्यांच्या आत धाग्याचे अवशेष टिकून होते. तपासणीत त्यात कापूस आणि रेशीम आढळलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा धागा. कापड मात्र टिकत नाही, आणि चिंध्यांचं कापड तर मुळीच नाही. त्यामुळे गोधडीचा पहिला धड मजकूर मिळतो तो जमिनीतून नाही, पोथीतून. आणि तीही घरसंसाराची पोथी नव्हे, संन्याशांच्या नियमांची.

पाली विनयपिटकातल्या महावग्गात चीवरांवर, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांवर, एक अख्खं प्रकरण आहे. बुद्धाचे भिक्षू सुरुवातीला ‘पांसुकूल’ वापरत, म्हणजे उकिरड्यावर, रस्त्यात, स्मशानात टाकून दिलेल्या कापडाचे तुकडे. ते उचलायचे, धुवायचे, जोडायचे, गेरूसारख्या मातकट रंगात रंगवायचे. पुढे जीवक वैद्यानं मौल्यवान वस्त्र अर्पण केलं तेव्हा गृहस्थांनी दिलेलं कापड घ्यायलाही परवानगी मिळाली. पण नवं अखंड कापड मिळालं तरी ते तुकडे करूनच जोडायचं. मगधातली बांधाबांधांची भातखाचरं दाखवून बुद्धानं आपला शिष्य आनंद याला तशा आकृतीचं चीवर जमेल का असं विचारलं आणि आनंदानं ते करून दाखवलं, अशी कथा तिथे आहे. कारणही दिलं आहे: कापलेल्या कापडाचा लोभ कोणाला होत नाही. म्हणजे ठिगळ जोडण्याचा पहिला लिखित हेतू गरिबी नव्हे, कापडाची बाजारातली किंमत मुद्दाम उतरवणं हा आहे.

त्याच प्रकरणात थरांचा नियम आहे आणि तो वाचताना अंगणातली गोधडी डोळ्यांसमोर येते. नव्या कापडाची संघाटी, म्हणजे वरून पांघरायचं चीवर, दुहेरी असावी. वापरून विरलेल्या कापडाची चौपदरी चालेल. आणि पांसुकूल असेल तर हवे तितके थर घ्यावेत. कापड जितकं जुनं तितके पदर जास्त, हे गणित कोणत्याही खेड्यातल्या बाईला सांगावं लागलं नसतं. विनयात ते नियम म्हणून नोंदलं गेलं, इतकंच.

पण मला सगळ्यात आवडणारी गोष्ट विनयातल्याच चुल्लवग्गातली आहे. कौशांबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दिली. राजाला शंका आली: एवढ्या वस्त्रांचं हा माणूस करणार काय, दुकान थाटणार आहे का? त्यानं आनंदाला एकेक प्रश्न विचारला. नवी वस्त्रं ज्यांची फाटली आहेत त्या भिक्षूंना वाटू. मग फाटक्यांचं काय? त्यांची पांघरुणं करू. जुन्या पांघरुणांचं? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचं? जमिनीवरचं अंथरूण. त्याचं पुढे? पायपुसणी. पायपुसण्यांचं? झाडायची फडकी. आणि फडक्यांचं? बारीक तुकडे करून, चिखलात मळून, त्यानं जमीन सारवू. राजाचं समाधान झालं आणि त्यानं आणखी पाचशे वस्त्रं दिली. गेल्या पिढीपर्यंत मराठी घरात लुगड्याचा प्रवास याच पायऱ्यांनी होत असे: लुगडं, मग गोधडी, मग बाळाचे लंगोट, मग पोतेरं. शेवटची पायरीही जमीन सारवण्याचीच. अडीच हजार वर्षांत क्रम जवळजवळ हललेला नाही.

पुढे हीच चिंध्यांची जोडणी वैराग्याचा गणवेश झाली. भर्तृहरीच्या नीतिशतकात कंथा, म्हणजे चिंध्या जोडलेलं पांघरूण, येते ती दिव्य वस्त्राच्या विरुद्ध टोकाला. नाथपंथी जोग्याच्या वेषात शिंगी, मुद्रा, झोळी यांच्याबरोबर कंथा असतेच. सोळाव्या शतकात जायसीनं ‘पद्मावत’ लिहिलं तेव्हा राजा रत्नसेन राज्य सोडून जोगी होतो तो कंथा अंगावर घेऊनच. सूफींकडेही ठिगळांची कफनी आहे. लाहोरला स्थायिक झालेल्या हुजवीरीनं अकराव्या शतकात आपल्या फार्सी ग्रंथात तिच्यावर वेगळं प्रकरण लिहिलं, आणि नुसती ठिगळं लावून कोणी सूफी होत नाही, ही तक्रारही त्या काळात होतीच. म्हणजे फॅशन म्हणून ठिगळं लावणारे तेव्हाही होते. हे वाचून मला बरं वाटतं.

इथवरचा इतिहास पुरुषांचा आणि स्वेच्छेचा आहे. जुनेर ज्यांनी उचललं त्यांना नवं मिळू शकत होतं. त्यांनी ते नाकारलं. स्मशानातलं कापड अंगावर घेणं ही त्यांची साधना होती.

महाराष्ट्राच्या गावगाड्यात हेच स्मशानातलं कापड दुसऱ्या एका वाटेनं फिरत होतं. मढ्यावरचं कापड महारांचं, असा रिवाज होता आणि तो ‘हक्क’ म्हणून सांगितला जाई. त्याच हक्काच्या यादीत मेलेलं ढोरही होतं. जे कापड भिक्षूनं निवडून उचललं ते इथे जातीनं गळ्यात घातलं. महारवाड्यातली वाकळ अशा जुनेराची असे. बेबी कांबळ्यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये चिंध्यांवर निघणारे दिवस कसलीही हळवी झालर न लावता येतात. गोधडीवर लिहिताना सगळे जण आजीच्या लुगड्याच्या मऊपणाशी थांबतात, कारण तिथे थांबणं सोयीचं असतं. लुगडं कोणाचं होतं आणि ते कसं मिळालं, हे विचारलं की मऊपणाला टोक येतं.

डिसेंबर १९२७मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेनंतर बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायकांपुढे भाषण केलं ते बरंचसं कपड्यांवर होतं. लुगडं कसं नेसायचं, कथलाचे नि चांदीचे जातीची खूण सांगणारे दागिने कसे टाकायचे, कापड फाटकं असलं तरी स्वच्छ कसं ठेवायचं. ते घरगुती सल्ले नव्हते. अंगावरचं कापड जात सांगतं, तर ते बोलणं बंद करायचं, हा कार्यक्रम होता. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली तेव्हा लाखो लोक आले ते पांढऱ्या स्वच्छ वस्त्रांत. ज्या धम्माच्या पहिल्या भिक्षूंनी चिंध्या उचलल्या, त्याच धम्मात येताना या लोकांनी चिंध्या टाकल्या. मला यात विसंगती वाटत नाही. टाकून देण्याची मुभा असल्याशिवाय चिंधीला वैराग्य म्हणता येत नाही.

याच काळात विदर्भातून एक माणूस चिंध्या पांघरून, हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं घेऊन गावोगाव हिंडत होता. गाडगेबाबांना (१८७६–१९५६) नवे कपडे मिळाले नसते असं नाही. धर्मशाळा, वसतिगृहं त्यांनी लोकवर्गणीतून उभी केली. स्वतःसाठी मात्र ठिगळंच. कंथेच्या जुन्या परंपरेतलं ते आपल्याकडचं शेवटचं मोठं नाव, आणि त्यांनी कंथेला खराटा जोडला हे त्यांचं वेगळेपण.

आता घरातल्या गोधडीकडे यावं, तर अडचण अशी की तिच्याबद्दल कोणी लिहून ठेवलेलं नाही. रजई, गादी, दुलई यांचा हिशेब सापडू शकतो, कारण कापूस पिंजून द्यायला पिंजारी येई, त्याला मजुरी द्यावी लागे. गोधडीला मजुरी नाही, माल विकत नाही, म्हणून तिची नोंदही नाही. दुपारी जेवणं उरकल्यावर शेजारणींनी एकमेकींच्या घरी चार हात लावून शिवायची वस्तू. भेट म्हणून ती जाई तीही घराच्या आतल्या वाटेनं: पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीला बाळंतविड्यात झबली, टोपरी, कुंची, दुपटी, लंगोट आणि एक लहान गोधडी. आजोळच्या जुनेराची गोधडी घेऊन मूल बापाच्या घरी जायचं.

बंगालात मात्र नोंद राहिली, कारण तिथल्या बायकांनी कांथेवर चित्रं काढली. साडीच्या काठांतले रंगीत दोरे ओढून काढून त्यांनी कमळं, हत्ती, रथ, पालख्या, साहेबांच्या बग्ग्या भरल्या. चैतन्य महाप्रभूंना त्यांच्या आईनं पुरीला कांथा पाठवली होती असं सांगतात. एकोणिसाव्या शतकात मानदासुंदरी नावाच्या बाईनं वडिलांना भेट म्हणून केलेली कांथा, तिच्यावर टाक्यांनी लिहिलेल्या मजकुरासह, कोलकात्याजवळ जोका इथल्या गुरुसदय संग्रहालयात आहे. स्टेला क्रामरिश यांनी १९३९मध्ये कांथेवर लेख लिहून तिला कलेतिहासात जागा मिळवून दिली. आमच्या गोधडीवर ना हत्ती ना मजकूर. मराठी मुलखात पांघरुणावर कोणी लिहिलंच असेल तर ते दासोपंतांनी: आंबेजोगाईला त्यांची सुमारे ४० फूट लांबीची पासोडी आहे, तिच्यावर ‘पंचीकरण’ लिहिलेलं आहे. पण ते शाईनं, आणि पुरुषानं. आमच्या बायकांनी टाका हा सामान बांधायच्या दोरीइतकाच कामापुरता वापरला. शोभा आलीच तर ठिगळांच्या रंगातून.

ठिगळांची शोभा मनसोक्त पाहायची तर गोव्याच्या खाली उत्तर कन्नड जिल्ह्यात जावं लागतं. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलात सिद्दी लोकांची गावं आहेत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आणि तिथून निसटलेल्या माणसांचे वंशज त्यांत आहेत. त्यांच्या बायका ‘कवंडी’ शिवतात. एका कोपऱ्यातून सुरुवात, कडेकडेनं फिरत मध्यापर्यंत, आणि शेवटी चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांची फुलं. हे फूल लावल्याशिवाय कवंडी पुरी होत नाही. ख्रिस्ती घरातल्या कवंडीत क्रूस दिसतो, मुसलमान घरातल्यात चंद्रकोर. २०११मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात त्यांचं प्रदर्शन भरलं. त्याच पोर्तुगीजांनी सोळाव्या-सतराव्या शतकांत बंगालातून सातगावच्या रेशमी भरतकामाच्या गोधड्या लिस्बनच्या सरदारांसाठी बोटी भरभरून नेल्या. त्यांच्या पलंगावर एक गोधडी गेली आणि त्यांच्या तावडीतून सुटलेल्यांनी जंगलात दुसरी शिवली.

एकोणिसाव्या शतकात तीन गोष्टी बाहेरून आल्या: सुई, गिरणी आणि शिवणयंत्र.

सुई आधीही होतीच. पण इंग्लंडातल्या रेडिच गावानं त्या शतकात जगभर सुया पुरवल्या आणि त्या बारीक, गुळगुळीत पोलादी सुया आपल्याकडेही आल्या. दारोदार सुया, दाभण, पोत, बिब्बे विकत फिरणाऱ्या बायांच्या टोपलीत त्या असत. मग मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४मध्ये पहिली कापडगिरणी काढली, तिची चक्रं १८५६मध्ये फिरू लागली, आणि पुढच्या काही दशकांत गिरणीचं कापड खेड्यांत पोचलं. कापड स्वस्त झालं की जुनेर वाढतं. ठासून भरलेली, सात-आठ थरांची मोठी गोधडी मला या काळाची वाटते. त्याआधी सामान्य घरात इतकं कापड जमणंच अवघड होतं. कोकणातून, घाटावरून गिरणगावात आलेला माणूस वळकटी घेऊन आला तीत गावची गोधडी होती, आणि पाळ्यांमध्ये चालणाऱ्या खोलीत ती एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगाखाली जात राहिली.

मग १८९६ साल आलं. सप्टेंबरात मुंबईत प्लेगचं निदान झालं, पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग अधिकारी रँड याची घरतपासणी सुरू झाली. घरात शिरून सोजिरांनी सामान बाहेर काढलं, अंथरुणं-पांघरुणं जाळली. पिसवेचा संबंध तेव्हा अजून सर्वमान्य झाला नव्हता, संशय सगळा घाणीवर आणि चिंध्यांवर होता. १८९७च्या व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय करारात वापरलेली अंथरुणं आणि चिंध्या संशयित मालाच्या यादीत गेल्या. जुनेराकडे पाहायची नजर इथे पहिल्यांदा बदलली असावी. आतापर्यंत ते गरिबाचं किंवा साधूचं होतं. आता ते रोगट झालं. ‘चिंधी’ या शब्दाला शहरात जो हलका वास येतो तो मला त्या दिवसांचा वाटतो, सिद्ध करता येणार नाही.

शिवणयंत्रानं काय केलं ते अधिक सरळ आहे. सिंगरची यंत्रं १८७०च्या दशकात भारतात यायला लागली. मुंबईचे पारशी नसरवानजी मेरवानजी पटेल यांनी कंपनीचे प्रतिनिधी म्हणून त्यांचा व्यापार देशभर वाढवला. १९३०च्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ यंत्रं बनू लागली. गावोगाव शिंप्याच्या दुकानात यंत्र आलं, शिवलेले कपडे वाढले, आणि यंत्राखाली कातरणाचा ढीग साचू लागला. कातरण म्हणजे नवं कापड, पण इतकं लहान की जुनेराइतकंच निरुपयोगी. त्या त्रिकोणी-चौकोनी तुकड्यांतून चौकटी जोडलेली रंगीबेरंगी गोधडी निघाली, जी आज आपण ‘पारंपरिक’ म्हणून ओळखतो. ती शिंप्याच्या यंत्राची लेक आहे, फार तर दीडशे वर्षांची.

बायकांना यंत्र मिळालं ते संस्थांमधून. १९०९मध्ये पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभं केलं, तिथे शिवणाचे वर्ग होते. विधवेनं, परित्यक्तेनं स्वतःच्या पायावर उभं राहायचं तर शिवणकाम, ही समजूत तेव्हापासून इतकी घट्ट बसली की शंभर वर्षांनंतरही निवडणूक जवळ आली की शिलाई यंत्रांचं वाटप होतं. शाळेतही शिवण शिरलं. १९३७च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीममध्ये हातकामाला मध्यवर्ती जागा मिळाली, पण तो भर सूतकताईवर होता. कोठारी आयोगाच्या (१९६४–६६) शिफारशीनंतर कार्यानुभव हा विषय आला आणि हजारो मराठी मुलींनी, क्वचित मुलांनीही, एका पांढऱ्या चौकोनी रुमालावर धावदोरा, हेम, साखळी टाका, गहू टाका असे नमुने एकाखाली एक घातले. त्यातला पहिला टाका त्यांच्या घरच्या गोधडीत हजारो वेळा होता. गुण मिळाले ते रुमालाला. गोधडी कोणत्याही तासाला वर्गात आणायला सांगितली गेली नाही.

गोधडीचा खरा घात मात्र यंत्रानं केला नाही. तो बोहारणीनं केला.

स्वातंत्र्यापूर्वी महायुद्धाच्या दिवसांत, १९४३पासून, कापडावर नियंत्रण होतं. धोतर-लुगड्यासाठी रांगा लागत. तेव्हा जुनेराचा तुकडाही कोणी टाकत नसे. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत दोन गोष्टी एकदम झाल्या. कपडे भरपूर झाले आणि स्टेनलेस स्टीलची भांडी आली. डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन दारात येणारी बोहारीण, मुंबईत बहुधा वाघरी समाजातली, जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडं देऊ लागली. दोन साड्या आणि एक पँट यांना एक पातेली, जरीची साडी असेल तर डबा. उंबऱ्यावरची ती घासाघीस हा एक स्वतंत्र कलाप्रकार होता: बाई कपडा ताणून पाही, उजेडात धरी, कुठे विरला आहे ते बोटानं दाखवी, घरातल्या बाईनं तो विरलेला भाग घडीत आत लपवून कपडा पुढे केलेला असे. जुनेराला पहिल्यांदाच घराबाहेर भाव मिळाला. आणि भाव मिळाला की गोधडीत घालणं म्हणजे नुकसान. पातेलं पिढ्यान्‌पिढ्या टिकतं, त्यावर नाव घालता येतं, मांडणीवर चकाकतं. कोणत्याही शहाण्या गृहिणीनं पातेलंच घेतलं असतं.

तिच्या टोपलीतलं जुनेर पुढे लांब जाई. धड कपडे दुरुस्त होऊन जुन्या कपड्यांच्या बाजारात. सुती फाटकं कारखान्यांत यंत्रं पुसायला. लोकरीचं पानिपतला, जिथे परदेशातून गाठोड्यांनी येणाऱ्या जुन्या लोकरीसह ते पिंजून, पुन्हा कातून स्वस्त ब्लँकेटं विणली जातात. त्या ब्लँकेटांनी आणि सोलापुरी चादरीनं गोधडीची उरलेली गरजही भागवली. म्हणजे जुनेर अखेर पांघरूण होऊनच परत येत होतं, फक्त मधे हजार मैल फिरून आणि कोणाचं होतं ते पुसून.

शेवटचा धक्का कापडाच्या जातीचा. १९८५च्या वस्त्रोद्योग धोरणानं कृत्रिम धाग्याला वाट मोकळी केली, आणि साडी पॉलिस्टरची झाली. ती विरत नाही, मऊ होत नाही, घाम टिपत नाही. थर एकमेकांवरून सरकतात, सुई अडखळते. कितीही जुनी झाली तरी तिचं जुनेर होत नाही. रस्त्याकडेला पाल ठोकून वाकळ शिवून देणाऱ्या बाया आजही भेटतात. गिऱ्हाईकानं घरच्या साड्या आणून द्यायच्या, त्यांनी आकारानुसार मजुरी घेऊन शिवायच्या. साड्यांची पिशवी उघडली की त्या आधी चिमटीत कापड चोळून पाहतात आणि सुती वेगळं काढतात. सुती ढीग दरवर्षी लहान होतो. सिंथेटिक साडी त्या वरच्या पाठीला तेवढी घेतात, चमक दिसते म्हणून, आणि आत घालायला गिऱ्हाईकाकडे जुन्या सुती चादरी मागतात.

एका ठिकाणी जुनेराचा हक्क अजून कोणी हिरावलेला नाही. तान्ह्या बाळाला पहिले काही दिवस नवं कापड घालायचं नाही, ही रीत शहरातही चालते. दृष्ट लागेल असं म्हणतात, षष्ठी पुजेपर्यंत नको म्हणतात. पण नव्या कापडाची खळ आणि खरखर कोवळ्या कातडीला सोसत नाही, हे कारण पुरेसं आहे. दवाखान्यातून बाळंतिणीच्या घरच्यांना जी सामानाची यादी मिळते तिच्यातही पुष्कळदा ‘स्वच्छ जुनी सुती कापडं’ असतात. आणि मग शोध सुरू होतो. आईकडे सुती साडी नाही, सासूकडे नाही. सोसायटीत विचारतात, गावी फोन लावतात, कोण्या मावशीच्या सासूबाई अजून सुती नऊवारी नेसतात असं कळतं, कोणाच्या तरी आजोबांचं धोतर ट्रंकेत सापडतं. नाहीच मिळालं तर घरातली जाणती बाई दुकानातून मलमल आणवते, गरम पाण्यात भिजत घालते, धुते, कडक उन्हात वाळवते, पुन्हा धुते. चार-सहा वेळा तसं केल्यावर गालाला लावून पाहते आणि मग कात्री घेते.